पोस्ट पलीकडे जाते तेव्हा

जुलै २०२४ च्या सुरुवातीला ‘कू’ या भारतीय समाजमाध्यमाच्या संस्थापकांनी ते बंद करत असल्याचे जाहीर केले. मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिता यावे म्हणून २०२० मध्ये हे माध्यम सुरू झाले होते. तिथे ज्यांनी मराठीतून लिहिले, वाद घातले, वाचक जोडले, त्यांना त्या वाचकांना सोबत घेऊन दुसरीकडे जाण्याची वाट नव्हती. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑर्कुट आणि एप्रिल २०१९ मध्ये गूगल प्लस बंद झाले तेव्हाही असेच झाले होते. लिहिणारा कोण, वाचणारा कोण आणि कोण कोणाशी जोडलेला, ही सगळी नोंद तिन्ही ठिकाणी एकेका कंपनीच्या हाती होती. विकेंद्रित समाजमाध्यमे या दुखण्यावरचा उपाय म्हणून उभी राहिली. सर्व्हर अनेक, चालवणारे अनेक, नियम खुले, आणि एका सर्व्हरवरच्या माणसाला दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलता यावे, अशी ती कल्पना. गेल्या दहा वर्षांत ती प्रत्यक्षात आली खरी, पण वेगवेगळ्या रूपांत आली आणि या रूपांना एकमेकांची भाषा कळत नाही. मास्टडॉनवरच्या खात्यातून ब्लूस्कायवरच्या माणसाला थेट फॉलो करता येत नाही, आणि नॉस्टर या दोहोंपेक्षा निराळे. म्हणून आता या जाळ्यांमध्ये पूल बांधले जात आहेत. त्यांच्याबद्दल बोलताना बहुतेक वेळा तांत्रिक सोयीचाच विचार होतो. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट: पोस्टचा मजकूर पलीकडे नेता येतो, पण ती ज्या अटींवर लिहिली गेली त्या अटी नेता येत नाहीत. म्हणूनच पूल ओलांडायचा की नाही, हे लिहिणाऱ्यानेच ठरवले पाहिजे.

या जाळ्यांच्या रचनेत किती अंतर आहे ते आधी पाहावे लागेल. त्यांतले सर्वांत रुळलेले रूप अ‍ॅक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलचे. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २३ जानेवारी २०१८ रोजी त्याला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. जर्मनीत ऑयगेन रॉखको यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले मास्टडॉन हे त्यावर चालणारे सर्वांत परिचित सॉफ्टवेअर. भारतात त्याचा बोलबाला झाला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये, ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद केले गेल्याचा निषेध म्हणून अनेक भारतीयांनी तिकडे खाती उघडली तेव्हा. इथे प्रत्येक खाते कुठल्या तरी एका सर्व्हरचे असते आणि त्या सर्व्हरचे नाव खात्याच्या नावातच असते. पोस्ट टाकली की आपला सर्व्हर ती आपल्या फॉलोअरांच्या सर्व्हरांकडे पाठवतो. ब्लूस्कायचा जन्म ट्विटरच्याच घरातला. जॅक डॉर्सी यांनी डिसेंबर २०१९ मध्ये घोषणा केलेला हा प्रकल्प पुढे जे ग्रेबर यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र कंपनी झाला आणि ६ फेब्रुवारी २०२४ पासून निमंत्रणाशिवाय कोणालाही खुला झाला. त्याच्या एटी प्रोटोकॉलमध्ये प्रत्येकाच्या पोस्ट त्याच्या स्वतंत्र साठ्यात राहतात, रिले नावाची यंत्रणा सगळ्यांचे साठे वाचून एकच अखंड प्रवाह तयार करते, आणि त्या प्रवाहातून निवडून अ‍ॅप आपल्याला पोस्ट दाखवते. ओळख सर्व्हरला बांधलेली नसते. तिचा एक कायमचा क्रमांक असतो आणि स्वतःचे डोमेन असेल तर तेच नाव म्हणून वापरता येते. तिसरे नॉस्टर, फियातजाफ या टोपणनावाच्या प्रोग्रामरने २०२० मध्ये सुरू केलेले. तिथे कुठल्या सर्व्हरवर खाते काढायचे नसतेच. एक गुप्त आणि एक सार्वजनिक अशी किल्ल्यांची जोडी हीच तुमची ओळख. प्रत्येक पोस्टवर गुप्त किल्लीने सही होते आणि ती हव्या तितक्या रिलेंकडे पाठवता येते. किल्ली हरवली तर परत देणारे कोणी नाही.

अ‍ॅक्टिव्हिटीपबच्या लेखकांपैकी एक, क्रिस्टीन लेमर-वेबर यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्लूस्कायच्या विकेंद्रितपणाची सविस्तर चिकित्सा केली. पहिल्या दोन रचनांमधला फरक त्यांनी टपालाच्या दाखल्याने समजावला आहे. अ‍ॅक्टिव्हिटीपबमध्ये पत्र ज्याचे त्याच्या दारात पोहोचते. एटी प्रोटोकॉलमध्ये सगळी पत्रे एका प्रचंड गोदामात जमा होतात आणि आपल्या कामाचे पत्र त्यातून शोधून काढायचे असते. त्यांचा निष्कर्ष ब्लूस्कायच्या लोकांना पटला नाही आणि त्यांनी त्याला मुद्देसूद उत्तरही दिले. पण रचनेचे हे वर्णन दोन्ही बाजूंना साधारण मान्य आहे, आणि पुढच्या सगळ्या अडचणी त्यातूनच निघतात.

पूल नेमके काय करतो? मास्टडॉनवरच्या माणसाची पोस्ट ब्लूस्कायवर दिसायची तर तिथे त्या माणसाची ओळख असावी लागते, कारण ओळखीशिवाय तिथे काही लिहिताच येत नाही. म्हणून पूल त्याच्या नावाने ब्लूस्कायच्या बाजूला एक छाया-खाते तयार करतो, त्याचा साठा स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतो आणि मूळ पोस्ट आली की तिचे रूपांतर त्या साठ्यात नोंदवतो. रायन बॅरेट या अमेरिकी प्रोग्रामरने बांधलेला ‘ब्रिजी फेड’ अशा रीतीने चालतो. मास्टडॉनवरून त्याच्या एका ठरावीक खात्याला फॉलो केले की पूल सुरू होतो आणि ब्लॉक केले की बंद होतो. नॉस्टर आणि अ‍ॅक्टिव्हिटीपब यांना जोडणारा अ‍ॅलेक्स ग्लीसन यांचा ‘मोस्टर’ हा पूल आहे. नॉस्टरवर सहीशिवाय पोस्टच नसते, त्यामुळे या पुलाला पलीकडच्या माणसासाठी किल्ल्यांची जोडी बनवून गुप्त किल्ली आपल्याकडेच ठेवावी लागते. म्हणजे पूल निव्वळ निरोप्या नसतो. दुसऱ्या जाळ्यात तुमच्या नावाने बोलण्याचा अधिकार त्याच्या हाती गेलेला असतो.

मजकुराचे रूपांतर ही मेहनतीची पण सुटणारी गोष्ट आहे. मास्टडॉनवर सामान्यतः ५०० अक्षरांची मर्यादा असते, ब्लूस्कायवर ३०० ची. लांब पोस्ट तोडून मूळ ठिकाणाचा दुवा जोडावा लागतो. मास्टडॉनची पोस्ट एचटीएमएलमध्ये प्रवास करते. ब्लूस्कायवर मात्र मजकूर साधा असतो आणि दुवा किंवा उल्लेख कुठे सुरू होतो व कुठे संपतो याची नोंद बाइटच्या हिशेबात वेगळी ठेवली जाते. देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी हा बारकावा मोलाचा आहे. ‘मराठी’ या शब्दात वाचणाऱ्याला तीन अक्षरे दिसतात, युनिकोडच्या लेखी ती पाच चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये साठवताना पंधरा बाइट लागतात. पूल बांधणाऱ्याने एक चिन्ह म्हणजे एक बाइट असे गृहीत धरले तर इंग्रजी पोस्ट बिनचूक जाईल आणि मराठी पोस्टमधला दुवा भलत्याच शब्दावर, कदाचित अक्षराच्या मधोमध, जाऊन बसेल. ब्लूस्कायची ३०० ची मर्यादा मात्र दिसणाऱ्या अक्षरांवर मोजली जाते, त्यामुळे काना-मात्रा-वेलांटीचा भुर्दंड मराठी लेखकाला पडत नाही. काळजीपूर्वक लिहिलेला प्रोग्राम हे सगळे सांभाळू शकतो, आणि सांभाळलेही जाते.

अटींचे तसे नाही. मास्टडॉनवर पोस्ट केवळ आपल्या फॉलोअरांना दिसेल अशी ठेवता येते. ब्लूस्कायवरची प्रत्येक पोस्ट जगाला खुली असते, तसा वर्गच तिथे नाही. त्यामुळे अशा पोस्ट अलीकडेच थांबवणे एवढाच सभ्य मार्ग पुलापुढे उरतो. मास्टडॉनवर पोस्टच्या वर आपल्या शब्दांत सूचना लिहून मजकूर झाकता येतो: आत मृत्यूचे वर्णन आहे, चित्रपटाचा शेवट सांगितला आहे, वगैरे. ब्लूस्कायवर ठरावीक प्रकारची लेबले असतात. आपल्या शब्दांतली सूचना तिथे फार तर मजकुराच्या सुरुवातीला जोडता येते, पण मग ती काहीच झाकत नाही. ब्लॉक करण्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. मास्टडॉनवर कोणी कोणाला ब्लॉक केले ही खासगी बाब आहे. एटी प्रोटोकॉलमध्ये ब्लॉक ही इतर नोंदींसारखीच सार्वजनिक नोंद असते, कोणालाही वाचता येणारी. छळाला कंटाळून एखाद्या बाईने कोणाला ब्लॉक केले असेल आणि पुलाने ते इमानदारीने पलीकडे नेले, तर तिने कोणापासून स्वतःला वाचवले हे जाहीर होईल. नाही नेले, तर ब्लॉक अर्धवट राहील. या दोहोंतले बरोबर काय, हे जिने ब्लॉक केले तिलाच विचारावे लागेल. खोडून टाकण्याचेही असेच आहे. अ‍ॅक्टिव्हिटीपबमध्ये डिलीट म्हणजे इतर सर्व्हरांना पाठवलेली विनंती, नॉस्टरमध्येही विनंतीच, आणि ती मानायची की नाही हे त्या त्या रिलेच्या हाती. प्रत्येक नव्या पुलाबरोबर ही विनंती जिथे पोहोचायला हवी अशा ठिकाणांची संख्या वाढते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये हा सगळा तणाव उफाळून वर आला. ब्रिजी फेडची मूळ योजना अशी होती की मास्टडॉनवरच्या सार्वजनिक पोस्ट मागणीनुसार ब्लूस्कायवर उपलब्ध व्हाव्यात, आणि ज्यांना नको असेल त्यांनी आपल्या परिचयात ‘नोब्रिज’ असा हॅशटॅग लिहावा. मास्टडॉनच्या वापरकर्त्यांनी कडाडून विरोध केला. बॅरेट यांच्या प्रकल्पाच्या पानावर मतांचा पूर आला, त्यांतली काही मते अत्यंत कटू होती. काही दिवसांतच बॅरेट यांनी भूमिका बदलली: ज्याने होकार दिला त्याचाच मजकूर जाईल, आणि पलीकडच्या कोणाला त्याला फॉलो करायचे असेल तर पूल त्याच्याकडे तशी विचारणा करेल. त्या काळातल्या काही प्रतिक्रियांतली आक्रमकता मला अजिबात समर्थनीय वाटत नाही. एकटा माणूस खुलेपणाने, विनामूल्य बांधत असलेल्या गोष्टीवर अशा रीतीने तुटून पडणे अन्यायाचे होते. पण निर्णय योग्य झाला, आणि तो दडपणामुळे झाला म्हणून कमी योग्य ठरत नाही.

यावरचा पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप साधा आहे. पोस्ट सार्वजनिक होती ना? मग ती कोणी कुठे वाचली याला हरकत कसली? कायदाही जवळपास हेच म्हणतो. २०२३ च्या भारतीय डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम ३ नुसार व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला तो कायदा लागूच होत नाही, आणि त्यासाठी दिलेले उदाहरण समाजमाध्यमावर मते मांडणाऱ्या व्यक्तीचेच आहे. पण कायद्याने गुन्हा नाही, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. ‘सार्वजनिक’ या एका शब्दाखाली वेगवेगळ्या पातळ्या असतात. मास्टडॉनने सार्वजनिक पोस्टमधून शब्दशोध करण्याची सोय अनेक वर्षे दिलीच नव्हती. सप्टेंबर २०२३ च्या ४.२ या आवृत्तीत ती आली, तीही ज्यांनी परवानगी दिली त्यांच्याच पोस्टपुरती. तिथल्या लोकांनी लिहिले ते याच समजावर, की इथले बोलणे उघडे आहे पण कोणी शब्द टाकून चाळून काढण्याजोगे नाही. ब्लूस्कायची रचना नेमकी उलट आहे. सगळ्यांच्या पोस्टचा अखंड प्रवाह कोणालाही विनापरवाना घेता येतो, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातल्या दहा लाख पोस्टचा संच यंत्र-प्रशिक्षणासाठी एका संकेतस्थळावर ठेवला गेला तेव्हा खुद्द ब्लूस्कायवरच एवढा संताप उसळला की तो काढून घ्यावा लागला. ज्यांनी तो प्रवाह जाणूनबुजून निवडला त्यांनाही हा वापर खुपला. ज्यांनी तो निवडलाच नव्हता, त्यांचा मजकूर त्यात सोडताना विचारणे हे किमान सौजन्य आहे.

दुसरा आक्षेप इतिहासाचा दाखला देतो, आणि तो दाखला मुंबईपर्यंत येतो. १९८० च्या दशकात जगात एकमेकांची पत्त्याची पद्धत न समजणारी अनेक संगणक-जाळी होती: आर्पानेट, बिटनेट, यूयूसीपी. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट प्रकल्प सुरू केला, आणि जुहूच्या एनसीएसटी या संस्थेने, श्रीनिवासन रमणी तिचे संचालक असताना, टेलिफोनच्या तारांवरून यूयूसीपीने ईमेलची देवाणघेवाण उभी केली. पुढे याच संस्थेच्या यंत्रांतून भारतातल्या संशोधकांची पत्रे परदेशी जाळ्यांकडे जाऊ लागली. एका जाळ्यातून दुसऱ्यात पत्र देणारी अशी द्वारयंत्रे जगभर होती आणि ती होती म्हणूनच ईमेल सर्वांचे झाले. त्यांनी कोणाची परवानगी मागितली होती का, असे विचारले जाते. मागितली नव्हती, आणि मागण्याची गरजही नव्हती. कारण ईमेल लिहिणारा पत्ता स्वतः लिहितो. मुंबईहून बिटनेटवरच्या प्राध्यापकाला पत्र पाठवणाऱ्याने, ते बिटनेटवर जावे हे लिहितानाच ठरवलेले असते. त्याचा होकार त्या पत्त्यातच आहे. पोस्टला असा पत्ता नसतो. तिला असतो तो श्रोतृवर्ग, आणि पूल नेमका तोच बदलतो. ईमेलचा दाखला त्यामुळे माझ्याच बाजूला झुकतो.

तिसऱ्या आक्षेपात मात्र खरेपणा आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. होकाराची अट घातली की फार थोडे लोक तो देतात. नको म्हणून नव्हे. अशी सोय आहे हेच त्यांना माहीत नसते. मग संवाद विरळ होतो. मास्टडॉनवरच्या लेखकाच्या पुलावरून गेलेल्या पोस्टखाली ब्लूस्कायवर दहा जण बोलतात, त्यांतल्या दोघांनीच पूल चालू केलेला असतो, आणि लेखकाला आठ जणांचे बोलणे दिसतच नाही. त्याच्या नावाखाली चाललेली चर्चा त्याच्या पाठीमागे होते. शिवाय विकेंद्रित जाळी अशी फुटकळ राहिली तर लोक पुन्हा मोठ्या कंपन्यांकडेच जातील, आणि त्या कंपन्या दारे किती सहज बंद करतात हे डिसेंबर २०२२ मध्ये दिसले आहे. ट्विटरने तेव्हा मास्टडॉनसह इतर माध्यमांकडे नेणाऱ्या दुव्यांवर बंदी जाहीर केली आणि टीका होताच मागे घेतली. हा धोका मी गंभीरपणे घेतो. पण त्यावरचा उपाय होकार गृहीत धरणे हा नसून होकार मागणे सोपे करणे हा आहे. नवे खाते उघडतानाच, शोधासाठी परवानगी विचारतात तशी, पुलाचीही परवानगी सरळ भाषेत विचारता येईल. आणि एका वर्गाच्या बाबतीत मी उलट टोकाला जाईन. हवामान विभाग, महापालिका, विद्यापीठे, वृत्तपत्रे यांचे बोलणे मुळातच सर्वांसाठी असते. त्यांनी आपल्या डोमेनवर खाती ठेवावीत आणि पूल उघडा ठेवणे हा नियमच मानावा. जर्मनीच्या संघराज्य विदा-संरक्षण आयुक्तांनी २०२० पासून सरकारी संस्थांसाठी मास्टडॉन सर्व्हर चालवला. युरोपीय संघाच्या संस्थांसाठीही एप्रिल २०२२ मध्ये असा प्रयोग सुरू झाला होता. व्यक्तीला मौनाचा अधिकार हवा, शासनाला तो या बाबतीत देण्याचे कारण नाही.

उरतो तो प्रश्न की सगळ्यांनी एकच प्रोटोकॉल का स्वीकारू नये. मेटाच्या थ्रेड्सने डिसेंबर २०२३ पासून अ‍ॅक्टिव्हिटीपबशी जोडणीची चाचणी सुरू केली तेव्हा तिथे पुलाची गरजच नव्हती, भाषा एकच होती. तरीही अनेक मास्टडॉन सर्व्हरांनी थ्रेड्सला आधीच रोखून धरले. भाषा एक झाल्याने अटींचा वाद मिटत नाही हे त्यातून दिसते. आणि तिन्ही रचना तीन वेगवेगळ्या भीतींवरची उत्तरे आहेत: मालकाची मनमानी, खाते गमावणे, सेन्सॉरशिप. त्यांतली एकच टिकावी असे म्हणणे म्हणजे बाकीच्या भीती खोट्या ठरवणे.

पुलांबद्दल मला खरी काळजी वाटते ती त्यांच्या एकटेपणाची. ब्लूस्काय आणि मास्टडॉन यांच्यातली वाहतूक मुख्यतः एकाच सेवेवरून होते. २०२५ मध्ये तिला ‘अ न्यू सोशल’ या ना-नफा संस्थेचा आधार मिळाला, ही समाधानाची बाब आहे. पण पलीकडची छाया-खाती, त्यांचे फॉलोअर आणि त्यांच्या किल्ल्या अखेर एकाच ठिकाणी जमा आहेत. त्यामुळे परवानगी देणाऱ्याला आणखी एक हक्क मिळायला हवा: छाया-खाते हवे तेव्हा आपल्या ताब्यात घेण्याचा. एटी प्रोटोकॉलमध्ये साठा आणि ओळख दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येते, म्हणून मास्टडॉनच्या लेखकाची ब्लूस्कायवरची छाया फॉलोअरांसह त्याच्या स्वाधीन करणे तत्त्वतः शक्य आहे. नॉस्टरवर गुप्त किल्ली हाती दिली की काम झाले, फक्त पुलाने आपल्याकडची प्रत नष्ट केली यावर विश्वास ठेवावा लागतो. उलट दिशेने, म्हणजे ब्लूस्कायच्या लेखकाची मास्टडॉनच्या बाजूची छाया हलवायची तर गाडी अडते. अ‍ॅक्टिव्हिटीपबमधल्या स्थलांतरात फॉलोअर नव्या पत्त्यावर येतात, जुन्या पोस्ट आणि त्यांखालची उत्तरे जुन्याच सर्व्हरच्या नावावर राहतात. अ‍ॅक्टिव्हिटीपबमधली ही त्रुटी पुलांच्या आधीची आहे, आणि ती दूर करण्याचे काम पूल बांधणाऱ्यांचे नसून मास्टडॉन व इतर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे आहे.